लकव्याचा रुग्ण घरी पाठवण्याआधी

प्रति,
राज्यातील सर्व जिल्हा शल्यचिकित्सक, तसेच उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक

विषय : पक्षाघाताच्या रुग्णाला डिस्चार्ज देण्याची पद्धत

स. न. वि. वि.

अंगावरून वारं गेलं की आता बरेच लोक १०८ ला फोन करतात. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं तर वेळ घालवायचा नाही, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, एवढं निदान शहरांत आणि तालुक्याच्या गावांत माहीत होऊ लागलं आहे. त्यामागे आपले आणि आपल्या कर्मचाऱ्यांचे कष्ट आहेत, याची आम्हाला जाण आहे. हे पत्र मात्र त्या साडेचार तासांबद्दल नाही. पाचव्या किंवा सातव्या दिवशी राउंडला ‘आज घरी न्या’ असं सांगितलं जातं, दुपारी जीप दाराशी लागते आणि मुलगा वडिलांच्या दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उचलतो. त्या दुपारपासून पुढचं हे पत्र आहे.

त्या उचलण्यातच पहिलं नुकसान होतं. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीवर टेकलेला चेंडू. त्याला जागेवर धरतात ते भोवतीचे स्नायू. लकव्यानंतर सुरुवातीला हे स्नायू ढिले पडतात आणि हाताचा सगळा भार सांध्याच्या आवरणावर लोंबकळतो. अशा वेळी बगलेतून उचललं, मनगटाला धरून ओढलं किंवा कूस बदलताना हात अंगाखाली राहिला, की चेंडू बशीवरून खाली सरकतो. खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवलं तर खळगा लागतो. मग दुखणं सुरू होतं. दुखतो म्हणून हात कुणी हलवत नाही, हलवत नाही म्हणून तो आखडतो, पंजा सुजतो. तिसऱ्या महिन्यात बोटांत हालचाल आली तरी खांदा वर जात नाही, आणि घास काही तोंडापर्यंत पोचत नाही.

हे टाळायला औषध लागत नाही. बसलेल्या रुग्णाचा हात मांडीवरून खाली लोंबकळू द्यायचा नाही. खुर्चीच्या हातावर किंवा मांडीवरच्या उशीवर कोपरापासून पंजापर्यंत तो टेकलेला हवा. झोपेत तो उशीवर, अंगापासून थोडा दूर. उचलताना आपला हात बगलेत घालायचा नाही, तर पाठीमागे खवाट्यावर, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडावर ठेवायचा, किंवा कंबरेला बांधलेल्या रुंद सुती पट्टीला धरायचं. लुगड्याची चार पदरी घडी घालून गाठ मारली तरी चालते. एवढं दाखवायला दहा मिनिटं लागतात. पण दाखवणारं कुणी नेमलेलं नसतं, म्हणून ती दहा मिनिटं कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

आम्ही फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा जमवून देणारा उपचार), वाचाउपचार आणि नर्सिंगचं काम करणारी माणसं आहोत. घरी गेलेले रुग्ण पुन्हा आमच्यासमोर येतात ते अनेकदा मूळ लकव्यासाठी नव्हे, तर त्यानंतर घडलेल्या गोष्टींसाठी : निखळलेला खांदा, श्वासनलिकेत अन्न जाऊन झालेला न्यूमोनिया, माकडहाडावरची जखम, बंद केलेली बीपीची गोळी. आमचं म्हणणं एकच आहे. लकव्यानंतर दोन वेगळी कामं असतात. एक रुग्णाला जपण्याचं, म्हणजे आहे त्यात आणखी बिघाड होऊ न देण्याचं. ते घरचे लोक उत्तम करू शकतात, फक्त त्यांना वॉर्डात हात धरून शिकवलं पाहिजे. दुसरं हातापायांची, जिभेची हालचाल परत घडवण्याचं. ते शिकलेल्या थेरपिस्टचं आहे, घरच्यांवर ढकलायचं नाही. आज पहिलं कुणी शिकवत नाही आणि दुसरं ‘फिजिओथेरपी करा’ या दोन शब्दांत घरच्यांच्या गळ्यात पडतं.

सर्वांत तातडीचा विषय गिळण्याचा. लकवा झालेल्या पुष्कळ रुग्णांना पहिल्या दिवसांत नीट गिळता येत नाही. घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं. ठसका लागला तर निदान कळतं तरी. पण घशाची संवेदना गेली असेल तर ठसकाही लागत नाही, आणि चौथ्या दिवशी ताप आणि धाप घेऊन न्यूमोनिया समोर येतो. म्हणून तोंडातून पहिला घोट, पहिली गोळी देण्याआधी गिळण्याची तपासणी झालीच पाहिजे. ती नर्सला करता येते. रुग्ण पूर्ण जागा हवा, ताठ बसवलेला हवा. आधी चमचाभर पाणी, म्हणजे सुमारे ५ मिली, असं दोन-तीन वेळा. दर वेळी ‘आ’ म्हणायला लावायचं. खोकला आला, आवाज ओला आणि घरघरता झाला किंवा पाणी ओठाच्या कडेने गळलं, तर तिथेच थांबायचं. हे ठीक जमलं तर मगच ९० मिली पाणी न थांबता प्यायला द्यायचं आणि पुढचा मिनिटभर लक्ष ठेवायचं. निकाल केसपेपरवर लिहायचा, आणि पलंगाच्या उशाशी मराठीत मोठ्या अक्षरांत लावायचा. कारण पाणी पाजणारा माणूस केसपेपर वाचत नाही. तो भेटायला आलेला मेहुणा असतो.

आता घरी काय भरवतात ते पाहा. आजारी माणसाला आपल्याकडे दूधपोळी कुस्करून देतात, पातळ आमटी-भात देतात, चहात बिस्कीट बुडवून देतात. प्रेमाने दिलेले हेच तीन पदार्थ या रुग्णाला सर्वांत अवघड. एकाच घासात पातळ आणि घट्ट असं दोन्ही असतं. जीभ घट्ट भाग सांभाळत असते, तोवर पातळ भाग मागे निसटून घशात उतरतो. साधं पाणी आणि चहा त्याच कारणाने धोक्याचे. चुरमुरे, फरसाण, पोहे, लाह्या यांचे कण सुटे होऊन घशात विखुरतात. त्याऐवजी एकजीव आणि दाट असं हवं : घोटलेला मऊ भात आणि दाट वरण एकत्र कालवून, नाचणीचं सत्त्व, पाणी काढलेलं दही, कुस्करलेलं केळं. दाटपणा कळायला सोपी खूण आहे. चमचा तिरका केला की पदार्थ एका गोळ्याने पडला पाहिजे, त्याची धार लागता कामा नये. पण पातळ बंद केलं म्हणजे पाणी तोडलं असं होऊ नये. ही चूक सर्रास होते. लघवी गडद होते, बद्धकोष्ठ होतो, माणूस सुस्तावतो, आणि घरच्यांना वाटतं दुसरा झटका आला. पाणी कशात आणि किती घट्ट करून द्यायचं हे वाचा-उपचारतज्ज्ञाने किंवा तयार केलेल्या नर्सने लिहून दिलं पाहिजे.

भरवण्याची रीतही शिकवावी लागते. पाठ टेकून नव्वद अंशांत बसवायचं, मान मागे पडू द्यायची नाही. भरवणाऱ्याने उभं राहून भरवलं की रुग्ण वर पाहतो आणि त्याची श्वासनलिका उघडी पडते, म्हणून समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. लहान चमचा, घास तोंडाच्या धड बाजूला. पहिला घास गिळल्याचं गळ्याच्या हालचालीवरून दिसल्याशिवाय दुसरा नाही. मध्येच गाल तपासायचा. कमजोर बाजूच्या गालात अन्न साठून राहतं आणि रुग्णाला ते कळतही नाही, मग तो आडवा झाल्यावर तेच घशात उतरतं. जेवणानंतर किमान अर्धा तास बसवून ठेवायचं आणि तोंड, दात स्वच्छ करायचे. झोपेत किंवा गुंगीत असलेल्याला काहीही भरवायचं नाही, गोळीसुद्धा. गोळ्या कुटून देतात त्याबद्दलही सांगायला हवं. ज्या गोळीच्या नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सएल लिहिलं आहे ती कुटायची नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध त्यामुळे एकदम रक्तात उतरतं.

नाकात भरवण्याची नळी असेल तर तिच्यावर नाकपुडीजवळ पेनाने खूण करून द्या. खूण पुढे सरकलेली दिसली तर नळीत काहीही घालायचं नाही, दवाखान्यात यायचं. एका वेळी साधारण २०० मिली पातळ अन्न, सिरिंजचा दट्ट्या न दाबता, उंच धरून आपोआप उतरू द्यायचं. आधी आणि नंतर ३० मिली पाणी. डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि तासभर तसंच.

झोपवण्याबद्दल थोडक्यात. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, घोटे, खुबा रोज उजेडात पाहायचे. बोटाने दाबल्यावर लालपणा जात नसेल तर जखम तिथे सुरू झालेली आहे. कमजोर कुशीवर झोपवू नये अशी घरोघर समजूत असते. उलट ती कूस चांगली, फक्त खालचा खांदा हलकेच पुढे काढून घ्यायचा, म्हणजे भार खवाट्यावर येतो. मधे खोल गेलेली बाज आणि जमिनीवरची गादी दोन्ही नकोत. जमिनीवरून उठवायला दोन माणसं लागतात आणि दोघंही हातच ओढतात. गुडघ्याच्या उंचीचा, साधारण ४५ ते ५० सेंटिमीटरचा कडक पलंग किंवा दिवाण हवा.

पलंगावरून खुर्चीत घ्यायचं तर खुर्ची धड बाजूला, पलंगाशी तिरकी लावायची. चाकाची असेल तर ब्रेक लावायचे, पायपट्ट्या वर करायच्या. रुग्णाला कडेला आणायचं. दोन्ही तळवे जमिनीवर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. मदत करणाऱ्याने समोर उभं राहून आपल्या गुडघ्याने त्याचा कमजोर गुडघा अडवायचा, कारण फसतो तो तोच. मग रुग्णाला पुढे वाकायला सांगायचं, इतकं की नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल. बहुतेकांना इथेच भीती वाटते आणि ते मागे रेलतात. मागे रेललं की उठवणाऱ्याला सगळं वजन उचलावं लागतं आणि आठवड्यात त्याची कंबर जाते. पुढे वाकलं की पार्श्वभाग आपोआप सुटतो. धड पायावर वळून बसवायचं. बाकीचं सोपं आहे, एकेका वाक्यात लक्षात राहतं : सदरा घालताना कमजोर हात आधी, काढताना शेवटी. जिना चढताना धड पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. काठी धड हातात, मुठीची उंची हात सरळ सोडल्यावर मनगटाशी येईल इतकी. पायात सपाता नकोत, लुळ्या पायातून निसटून त्यानेच माणूस पडतो. टाचेमागे पट्टा असलेली सँडल द्यावी.

आता अशा एका गोष्टीबद्दल, जी जवळजवळ कधीच सांगितली जात नाही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डावी बाजू लुळी पडते हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यातल्या अनेकांच्या लेखी डावी बाजू अस्तित्वातच राहत नाही. डोळे चांगले असतात, लक्षच तिकडे जात नाही. आपल्या ताटात हे लख्ख दिसतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आपण डावीकडे वाढतो, भाजी-आमटी उजवीकडे. जेवण संपतं तेव्हा उजवीकडचं पुसून खाल्लेलं असतं, भाताची मूद मधोमध चिरल्यासारखी अर्धी उरलेली असते, आणि डावीकडे सगळं जसंच्या तसं. सून म्हणते, मामंजींना आता चटणी आवडत नाही. ताट अर्धं फिरवून ठेवा, ते चटणीही खातील. असाच माणूस दाढी अर्धीच करतो, दाराच्या डाव्या चौकटीवर आपटतो, डावा हात चाकात अडकला तरी त्याला कळत नाही. घरचे म्हणतात, हट्टीपणा करतात, मुद्दाम करतात. डिस्चार्जच्या आधी त्याच्या समोर कागदावर आडवी रेघ काढा आणि तिचा मध्य दाखवायला सांगा. खूण बरीच उजवीकडे गेली तर शंका घ्या, आणि घरच्यांना समजावून सांगा : पाण्याचा तांब्या, चष्मा, घंटा उजवीकडे ठेवायची म्हणजे त्याचं अडणार नाही, आणि गप्पा मारायला आपण डावीकडे बसायचं म्हणजे मान तिकडे वळत राहील. असा माणूस एकटा रस्ता ओलांडू शकत नाही, विहिरीच्या काठाशी जाऊ शकत नाही. हात-पाय बरे झाले तरी नाही.

उजवी बाजू गेलेल्यांत भाषा जाण्याचा प्रश्न जास्त. वाचा गेली म्हणजे अक्कल गेली असं गावात धरून चालतात. जमिनीच्या कागदांवर अंगठा घेण्यापर्यंत त्याचे परिणाम जातात. काहींना सगळं समजतं पण शब्द सापडत नाही. काही भराभरा बोलतात पण बोलण्याला अर्थ नसतो, आणि समोरच्याचंही त्यांना समजत नाही. दोघांशी वागायची रीत वेगळी. घरच्यांना हे सांगा : ओरडून बोलू नका, तो बहिरा नाही. लहान मुलाशी बोलतो तसं बोलू नका. एका वेळी एकच प्रश्न, उत्तर ‘हो-नाही’त देता येईल असा. ‘चहा हवा का?’ विचारून मनात दहापर्यंत मोजा, कारण शब्द येतो तो उशिरा. वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. वाटी, पाणी, संडास, पंखा, दुखतंय, झोप यांची चित्रं एका पुठ्ठ्यावर चिकटवून हाताशी ठेवा. स्वतःचं नाव सांगता न येणारा माणूस पुष्कळदा आरती सलग म्हणतो, अंक ओळीने मोजतो, वार सांगतो. पाठ झालेलं आणि सुरावर बसलेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं. घरच्यांना तो चमत्कार वाटतो, किंवा ‘मग एरवी का बोलत नाहीत’ असा राग येतो. वाचा-उपचारतज्ज्ञ याच वाटेने उपचार सुरू करू शकतो. तो जिल्ह्यात कुठे आहे, हे डिस्चार्जच्या कागदावर असायला हवं. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवण दोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. पण गडचिरोलीच्या किंवा अक्कलकुव्याच्या माणसाला तो पत्ता देऊन काय उपयोग?

औषधांबद्दल एक मागणी ठामपणे. कागदावर मराठीत पहिल्या ओळीत लिहा : गुठळी की रक्तस्राव. ‘सीव्हीए’ (लकव्याचं इंग्रजी लघुरूप) एवढ्याने गावातल्या डॉक्टरला काही कळत नाही. गुठळीच्या रुग्णाला ॲस्पिरिनसारखी गोळी बहुधा आयुष्यभर लागते, तीच गोळी रक्तस्रावाच्या रुग्णाला कुणी आपल्या मनाने सुरू केली तर जिवावर बेतू शकते. गोळ्या बंद पडण्याची कारणंही नेहमीचीच. बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद, गोळ्या संपल्या म्हणून बंद, कुणी पाला किंवा काढा सुरू केला आणि पथ्य म्हणून ‘इंग्रजी औषध’ बंद करायला सांगितलं म्हणून बंद. बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळे, हे वाक्य निघताना तीनदा सांगा. बहुतेकांचं उद्दिष्ट १३०/८० च्या खाली असतं, तो आकडा कागदावर लिहा. घरी बीपी मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसल्यावर, धड हाताला, हात छातीच्या पातळीवर टेकवून. मीठ दिवसाला एक सपाट चमचा, आणि त्यात लोणचं-पापडातलंही आलं. तंबाखू आणि मिश्री बंद. सहा महिन्यांनी ‘रक्त पातळ करायचं सलाईन’ घेतलं की झटका येत नाही, हा गैरसमज फार पसरला आहे. लोक त्यासाठी दागिना गहाण टाकतात आणि रोजची स्वस्त गोळी सोडतात. हे स्पष्ट शब्दांत खोडून काढणं आपल्या दवाखान्याचं काम आहे.

लोक लकव्यावर झाडपाल्याचं औषध घ्यायला जातात, कबुतराचं रक्त चोळतात, म्हणून त्यांना अडाणी म्हणू नये. दवाखान्याने ‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या’ म्हटल्यावर जो कुणी ‘एकवीस दिवस हे करा’ असं सांगतो, त्याच्याकडे माणूस जाणारच. आपणही एकवीस दिवसांचा कार्यक्रम देऊ शकतो.

तो कार्यक्रम मात्र थेरपिस्टने ठरवलेला हवा. इथे एक अभ्यास लक्षात घ्यावा लागतो. भारतातल्याच १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर झालेला हा अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. घरच्या माणसाला प्रशिक्षण देऊन त्याच्याकडूनच घरी पुनर्वसन करवून घेतलं, तर सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व कमी होतं का, हा प्रश्न होता. फरक पडला नाही. म्हणून ‘कुटुंबाला पुस्तिका दिली, झालं’ हा मार्ग आम्ही मागत नाही. खांदा जपायचं, घास भरवायचं शिक्षण द्यायलाच हवं. पण हालचाल परत आणायला किती, कोणती आणि केव्हा पुढची पायरी, हे आठवड्या-आठवड्याला बदलतं. घाई झाली तरी बिघडतं. पहिल्या २४ तासांत वारंवार आणि जोराने उभं करण्याचा प्रयोग मोठ्या अभ्यासात तपासला गेला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला, आणि नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा त्या रुग्णांचे परिणाम वाईट निघाले.

देखरेख नसली की घरी काय होतं ते आम्ही पाहतो. खिडकीला कप्पी टांगून धड हाताने कमजोर हात वर ओढतात. खवाटा सोबत फिरत नाही, खांद्यातले स्नायू हाडांत चिमटतात. मूठ आधीच आवळलेली असताना रबरी चेंडू दाबत बसतात. आवळणं वाढतं, उघडायचा सराव होतच नाही. पोटरीला तेल लावून जोराने रगडतात, आणि तिथे गुठळी असेल तर ती फुप्फुसात जाऊ शकते. एक पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर मालीश नाही, आधी डॉक्टर. ज्या पायाला भाजलेलं कळत नाही त्याला गरम पिशवीचा शेक देतात. ‘करंट लावून घ्या’ म्हणून महिनोन्महिने पैसे जातात आणि त्या काळात रुग्ण एकदाही उभा राहिलेला नसतो. हातपाय परत येतात ते कामाच्या सरावाने : पेला उचलून ओठांशी नेणं, खुर्चीतून उठणं-बसणं, दाराची कडी काढणं, आणि ते दिवसाला पाच-दहा वेळा नव्हे, शेकडो वेळा. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. म्हणूनच ‘पंधरा दिवसांनी दाखवा, मग बघू’ परवडत नाही. तीन महिन्यांनंतरही ती थांबत नाही, मंदावते, हेही कुणीतरी सांगायला हवं.

आणि मन. लकव्यानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. व्यायाम करत नाहीत, जेवत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडतात, त्याला आळस म्हणतात. काही जण कारण नसताना रडतात किंवा मयताच्या घरात हसतात. ते मेंदूच्या इजेमुळे होतं, त्यावर औषध आहे. दर भेटीत दोन प्रश्न विचारा : गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटतं का, कशात रस राहिला आहे का. बोलता येत नसेल तर घरच्यांना विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कागदावर छापा, तो रुग्णाची काळजी घेणाऱ्या बाईलाही लागणार आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांत वाचाघाताने येणारं कायमचं भाषेचं अपंगत्वही आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे लकव्याचा रुग्ण आला की हात-पाय मोजले जातात आणि भाषा सुटून जाते. दोन्ही मिळून सवलतींसाठी लागणाऱ्या ४० टक्क्यांवर जाणारा माणूस एका आकड्यावर अडतो. कृपया दोन्ही तपासा. मंडळ तळमजल्यावर बसवा. आणि रुग्णालयातलं एक तरी संडास असं करा की लकव्याचा माणूस आत जाऊ शकेल : दार किमान ८० सेंटिमीटर, उंबरठा नाही, कमोड ४५ सेंटिमीटरच्या आसपास, आणि धरायला पाइप दोन्ही बाजूंना, कारण कुणाचा उजवा हात धड असतो, कुणाचा डावा. नातेवाईक ते पाहूनच घरचं संडास बदलतात.

प्रत्यक्षात आपल्याकडून हवं आहे ते असं. लकव्याच्या रुग्णाचा डिस्चार्ज ठरला की त्याआधीचे तीन दिवस शिकवण्याचे. पहिल्या दिवशी नर्स करून दाखवेल, दुसऱ्या दिवशी घरचा माणूस तिच्यासमोर करेल, तिसऱ्या दिवशी एकटा करेल. भरवणं, कूस बदलणं, खुर्चीत घेणं, हात टेकवणं, गोळ्या ओळखणं. करून दाखवल्याशिवाय सही नाही. मराठीत सूचनांचं एक पान. घरी गेल्यावर आठव्या दिवशी वॉर्डातून एक फोन आणि त्यात तीनच प्रश्न : ठसका लागतो का, खांदा दुखतो का, गोळ्या किती उरल्या. त्याच दिवशी गावच्या आरोग्य मंदिराच्या, म्हणजे उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला आणि आशाताईला निरोप. आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट असेल तर आठवड्याचा एक दिवस त्याला तालुक्याच्या ठिकाणी पाठवा. पद रिकामं असेल तर ते भरण्यासाठी आपण वर लिहा, आम्हीही लिहू.

शेवटी, शिकवायचं कुणाला ते. वॉर्डात दिवसभर असतो तो धावपळ करणारा मुलगा किंवा पुतण्या. कागदांवर सही त्याची असते, सूचना त्यालाच दिल्या जातात, आणि तो सोमवारी कामावर परत जातो. घरी रात्री दोन वाजता कूस बदलणारी बायको किंवा सून त्या वेळी गुरं आणि पोरं सांभाळत गावीच असते. ती दवाखान्यात येते ती थेट न्यायच्या दिवशी, किंवा येतच नाही. दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच विचारा, ‘घरी यांच्याजवळ कोण झोपणार?’ त्या बाईचं नाव केसपेपरवर लिहा, तिला तीन दिवस आधी बोलावून घ्या, आणि तिच्यासाठी भेटीच्या वेळेचं बंधन ठेवू नका.

आपले,
पक्षाघाताच्या रुग्णांसोबत काम करणारे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि परिचारिका